तानपुरा घ्यायचाय, लाकूड कुठलं मागू? सल्ला हवा

सुरेल_नाशिक:
मंडळी, लेक गाणं शिकतेय. "आता ॲप पुरे, खरा तानपुरा आणा," असं गुरुजींनी बजावलंय, म्हणून मिरजेला जायचा बेत आहे. सोबत तबल्याची जोडीही घेईन म्हणतो. पण लेकीनं विचारलं, "बाबा, ह्याच्यासाठी झाड तोडतात का?" नीट उत्तर देता आलं नाही. शिवाय पुढल्या वर्षी ती मेलबर्नला जाणार. वाद्यं सोबत नेता येतील ना?

तरफ:
तोडतात, पण तुम्ही समजता तेवढं नाही. तानपुऱ्याचं सगळ्यात मोठं अंग भोपळा, आणि तो वेलीला लागतो! मंगळवेढा-पंढरपूरकडचे शेतकरी हा कडू भोपळा वाद्यांसाठीच लावतात, पुरता मोठा होऊ देतात आणि वाळवून विकतात. नेमक्या वेळी अवकाळी पाऊस झोडपून गेला की फळ सडतं. मग हव्या त्या घेराचा भोपळा मिळेना म्हणून मिरजेत काम अडतं. दांडी आणि तबली (भोपळ्याचं तोंड झाकणारी लाकडी पाटी) बहुधा तूण या झाडाच्या लाकडाची. तूण हलकी, झपाट्यानं वाढणारी. तेव्हा शिसवीच्या दांडीचा हट्ट धरू नका.

घोडीचं, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचं, मात्र आवर्जून विचारा. पूर्वी हस्तिदंत, सांबरशिंग सर्रास वापरायचे. आज वन्यजीव कायद्यानं दोन्हींचा व्यापार बंद आहे. "जुन्या स्टॉकमधलं शिंग आहे साहेब, जवारी (तारेची गुंज) बघा कशी बोलते," असं कुणी म्हणालं तर लांबूनच नमस्कार करा. उंटाच्या हाडाची किंवा फायबरची घोडी घ्या. जवारी लावणारा हात तयार असला की काम होतं.

ठेका_दुगुन:
तबल्यासाठी शक्यतो जुनं खोड, म्हणजे आतून पोकळ लाकडी अंग, शोधा. शिसव, खैर, बिबळा, यातलं कुठलंही चांगलं खोड पिढ्या काढतं, बदलते ती पुडी (वरचं कातडं). फक्त पुडी उतरवूनच सौदा करा. आतल्या भेगा लाखेनं बुजवून बाहेरून झकास पॉलिश मारलेली खोडं बाजारात भरपूर आहेत. आत टॉर्च मारा, कडेला नखानं टोकरा. भुसा पडला तर कीड आहे, पुढच्या दुकानात चला.

मुक्काम_सिडनी:
नेण्याबद्दल. जानेवारी 2017 मध्ये शिसवीचं अख्खं कुळ साइट्स करारात, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, आलं. मूळ रोख चीनमधल्या महागड्या फर्निचरवर होता, कारण जगभरची शिसव तिकडेच चालली होती. ओल्यासोबत सुकं जळावं तसे वाद्यवालेही त्यात सापडले, निर्यातीला परवाने लागू लागले. नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना यातून सूट आहे. ब्राझीलची शिसव वेगळी, तिच्यावर 1992 पासून कडक निर्बंध आहेत. पण तो जुन्या गिटारवाल्यांचा ताप, तुमचा नाही.

ऑस्ट्रेलियात उतरल्यावर अर्जावर लाकूड, भोपळा, कातडं, सगळं खरंखरं लिहा. त्यांना करारापेक्षा किडीची धास्ती जास्त. म्हणजे वर सांगितलेली भुशाची तपासणी इथेही कामाला येईल. लपवलंत तर दंड.

हिरवा_कोपरा:
मग तानपुराही जुनाच घ्या की. नवीन घ्यायचाच कशाला?

तरफ:
इथे माझं जमत नाही. जुनी खोडं वापरणं ठीक, पण सगळ्यांनीच जुनं घ्यायचं ठरवलं तर कारागीर खाणार काय? हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी दीडेकशे वर्षांपूर्वी या कामात आली, त्यांचे वंशज आजही तेच करतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, म्हणून घरातली पोरं लगेच दुकानात बसतील असं नाही. आणि गिऱ्हाईक तुटलं तर भोपळा लावणारा शेतकरी ऊस लावून मोकळा होईल. जंगलाचा मोठा ग्राहक सोफा-पलंगवाला आहे, त्याला धरा.

हिरवा_कोपरा:
सोफ्याचं पटलं. पण "तूण झपाट्यानं वाढते" म्हणून ती तोडून विसरायची नाही. कोणी लावतंय का, हे दुकानात विचारायला काय हरकत आहे? गिऱ्हाइकानं विचारलं तरच दुकानदार वखारवाल्याला विचारेल.

सुरेल_नाशिक:
विचारतो. तानपुरा नवा, तुणीचा, फायबरची घोडी. जोडीसाठी जुनं खोड कुणाकडे पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. काळी चार या पट्टीत लागणारं हवं, पुडी मी नवी बसवून घेईन.