‘मांडणशिल्प’ म्हणावं की आणखी काही?

वेंगुर्लेकरीण
शब्द अडलाय, मदत हवी. माझी भाची आमच्या वेंगुर्ल्याच्या जुन्या घरात, माजघरात, इन्स्टॉलेशन करते आहे, म्हणजे वस्तू मांडून त्या जागेचीच कलाकृती. माझे आजोबा दशावतारात स्त्रीपार्टी करायचे. त्यांची नऊवारी, रंगाचा डबा, हातातला आरसा आणि त्या नऊवारीला आजीने घातलेले टाके. रात्री राणी, सकाळी शेतात. आजीचा जीव या दोघांतल्या कुणावर जडला होता, हा भाचीचा प्रश्न. पहिल्या दिवशी ती तिथे बसून ते टाके उसवणार आणि पुन्हा घालणार. दाराशी लावायच्या कागदावर इन्स्टॉलेशन आणि परफॉर्मन्ससाठी मी लिहिलं, ‘मांडणशिल्प आणि सादरीकरण’. आजोबांच्या साथीला पखवाज वाजवलेले शेजारचे काका वाचून म्हणाले, "सादर कसला? आमी रात जागवतव. आणि ह्येच्यात शिल्प खय आसा?" मला उत्तर देता आलं नाही.

कोशवाचक
‘शिल्प’ म्हणजे फक्त कोरीव मूर्ती हा अर्थ आपण आकसून घेतलाय. संस्कृतात कुठलीही कारागिरी शिल्पच. टाके घालणंसुद्धा. ‘मांडणशिल्प’ मराठी कलालेखनात रुळलेला शब्द आहे, तो सोडू नका.

देवगडचा माड
संस्कृतात असेल. वेंगुर्ल्याच्या माजघरात कागद वाचणाऱ्याला शिल्प म्हटल्यावर दगडच दिसणार. नुसतं ‘मांडणी’ लिहा. रुखवत मांडतात, डाव मांडतात, संसारही मांडतात. विषय नवराबायकोचा आहे, याहून जवळचा शब्द कुठला मिळेल?

कोशवाचक
‘मांडणी’ दुकानातल्या फळीलाही म्हणतात. कलेला वेगळी संज्ञा नको का?

भरतीओहोटी
मला ‘सादरीकरण’ जास्त खटकतं. ‘सादर’ म्हणजे आदरासह. म्हणजे समोर कुणीतरी हवं. मारिना अब्रामोविच आणि उलाय हे परफॉर्मन्स करणारं कलाकार जोडपं 1988 साली चीनच्या भिंतीच्या दोन टोकांकडून चालत निघाले. ती समुद्राकडून, तो गोबीच्या वाळवंटाकडून. मुळात भेटून लग्न करायचं ठरलं होतं. परवानग्या मिळेपर्यंत वर्षं गेली आणि 90 दिवस चालून ते भेटले ते निरोप घ्यायला. एवढं चालणं त्यांनी कुणाला ‘सादर’ केलं?

देवगडचा माड
मग ‘प्रयोग’. नाटकाला तोच शब्द आहे.

भरतीओहोटी
प्रयोग पुन्हा लागतो. ती वाट दुसऱ्यांदा चालायची नव्हती. आणि ‘प्रयोग’ म्हटलं की निम्म्या लोकांना प्रयोगशाळा आठवते. मी ‘कृती’ म्हणेन.

वेंगुर्लेकरीण
‘कृती’ वाचून आमच्याकडे घावन्यांची कृती विचारतील हो. पण काकांचं ‘रात जागवणं’ माझ्या डोक्यातून जात नाही. दशावतारात संहिता लिहिलेली नसते, आख्यान ठरतं आणि बोलणं रंगात येईल तसं. त्याला सादर करणं म्हणवत नाही, हे त्यांचं खरं आहे.

सुरंगी
‘प्रतिष्ठापना’ कुणी सुचवलं नाही! बसवतो, पूजतो आणि उठवतो. इन्स्टॉलेशनही शेवटी उचलतातच.

कोशवाचक
देवाचा शब्द आहे तो. साडीला नको.

सुरंगी
मग माटवी घ्या. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली ती चौकट, त्यात कवंडळं, हरणं ही रानातली फळं-फुलं, सुपारीचे घड, आंब्याचे टाळे. हे आमचं इन्स्टॉलेशनच आहे. फेलिक्स गोन्झालेस-टोरेस या कलाकाराने 1991 साली एड्सने गेलेल्या जोडीदारासाठी, रॉससाठी, खायच्या गोड गोळ्यांचा ढीग रचला. आदर्श वजन 175 पौंड, म्हणजे सुमारे 79 किलो. येणारा एक गोळी उचलून खातो, ढीग माणसासारखा झिजतो आणि पुन्हा भरता येतो. हे वाचलं तेव्हा मला उतरवलेल्या माटवीतले नारळ वाटणारी आई आठवली, आणि रडू आलं.

देवगडचा माड
माटवी मांडत नाहीत, बांधतात. पण कोकणीत मांडवाला ‘माटव’ म्हणतात, तेव्हा माटवी म्हणजे छोटा मांडव. आणि शिमग्याचा ‘मांड’ही त्यातलाच. बघा, सगळं ‘मांडणे’पाशीच येतं.

कोशवाचक
‘मांडणे’ मण्ड् धातूवरून, सजवणे या अर्थाचा. मांडवाचं तसंच असेल असं गृहीत धरू नका. ध्वनी जुळला म्हणजे कूळ जुळत नाही.

देवगडचा माड
मांडावर उभं राहून कधी ढोल ऐकलात का? तिथे कूळ नाही विचारत. मांड म्हणजे जिथे गाव जमतो ती जागा. ताई, माजघराला ‘मांड’च म्हणा.

वेंगुर्लेकरीण
‘मांड’ भाचीला फार आवडला. काका मात्र म्हणतात, मांड देवाचा, घरात आणू नको.

रत्नागिरीचा
मध्येच विचारतो. मग आमची मांडवी? किनाऱ्यावर मांडव घालत म्हणून मांडवी, असं आजी सांगायची.

कोशवाचक
नाही. मांडवी म्हणजे जकातीचं ठाणं, मालाची पेठ. मुंबईत बंदराजवळची मांडवी तशीच, कच्छमधलीही.

रत्नागिरीचा
जकात घ्यायला मांडवच घालत असतील ना? ऊन काय थोडं असतं तिथे!

सुरंगी
आणि पणजीची मांडवी नदी? तिथे कुणाची जकात?