म्यूऑन: थांबलेल्याचं आयुष्य मोजतोय की उरलेलं?

एमएस्सी_भाग१
प्रॅक्टिकलला म्यूऑनचं आयुर्मान आहे (म्यूऑन म्हणजे विश्वकिरणांमुळे वर हवेत तयार होणारा, इलेक्ट्रॉनसारखा पण जड, अल्पायुषी कण). प्लॅस्टिक सिंटिलेटर (कण शिरला की चमकणारं प्लॅस्टिक), त्याला जोडलेला फोटोमल्टिप्लायर (ती चमक टिपणारी ट्यूब). म्यूऑन आत येऊन थांबला की एक चमक, क्षय होऊन इलेक्ट्रॉन निघाला की दुसरी. मधला वेळ नोंदवायचा. उत्तर २.१ मायक्रोसेकंदांच्या आसपास येतंय. पण हे कण साधारण १५ किमी उंचावर तयार होतात. वाटेत बरंच आयुष्य सरलं असेल, तर मी उरलेलंच मोजतोय ना? मग ते पुस्तकातल्या २.२ च्या इतकं जवळ कसं?

निवृत्त_डेमॉन्स्ट्रेटर
हा प्रश्न पडायलाच हवा, बहुतेकांना पडत नाही. म्यूऑन म्हातारा होत नाही रे. पुढच्या क्षणी त्याचा क्षय होण्याची शक्यता कायम तेवढीच, आधी कितीही जगलेला असो. म्हणून घड्याळ तो थांबल्यापासून लाव, सरासरी तीच येणार.

धावत्याची गोष्ट वेगळी. २.२ मायक्रोसेकंदांत प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो, मग हे खाली पोचतात कसे? १९६३ साली फ्रिश आणि स्मिथ यांनी अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनवर, सुमारे १९०० मीटर उंचीवर, ठरावीक वेगाचे म्यूऑन मोजले: तासाला ५६३. वेगामुळे काळ मंदावत नसता तर समुद्रसपाटीला २७ च उरायला हवे होते. मिळाले ४०८! हे आकडे फळ्यावर लिहिताना मला दरवेळी तितकाच आनंद व्हायचा. आणि धावता कण हेच एक घड्याळ आहे, म्हणून तो जास्त टिकणार, हे आपल्या होमी भाभांनी १९३८ मध्येच मांडलं होतं.

एमएस्सी_भाग१
पटलं सर. मग २.१ च का? पूर्ण २.२ का नाही?

निवृत्त_डेमॉन्स्ट्रेटर
तुझ्याकडे धन आणि ऋण प्रभाराचे दोन्ही म्यूऑन येतात. धन म्यूऑन २.१९७ जगतो. ऋण म्यूऑन प्लॅस्टिकमधल्या कार्बनच्या अणूत अडकतो, काही वेळा केंद्रकच त्याला गिळतं, म्हणून त्याचं २.०३ च्या आसपास. तुला दोघांची सरमिसळ दिसते. मारून मुटकून २.२ आणू नकोस, जे आलंय तेच जर्नलमध्ये लिही.

सिंटिलेटरवाली
भर घालते. नोंदवलेल्या वेळांवर क्षयाचा वक्र फिट करताना पार्श्वभूमी वजा केलीस ना? वीसेक मायक्रोसेकंदांपुढे जे सपाट उरतं ते बहुतेक योगायोगाने जुळलेल्या चमकांचं. ते तसंच ठेवलं तर आयुर्मान फुगतं. सुरुवातीचा अर्धा मायक्रोसेकंद मात्र बिनधास्त गाळ, तिथे ट्यूबचे खोटे पल्स असतात. कण म्हातारा होत नसल्यामुळे उतार फारसा बदलत नाही.