लिफ्ट आहे, किल्लीवाला जेवायला गेलाय

रानजाई:
काल इथे एकांनी लिहिलं, "स्टेशनांवर लिफ्ट आल्या, रॅम्प आले, आता व्हीलचेअरवाल्यांनी रेल्वेच्या नावाने खडे फोडणं थांबवावं." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितेय. माझी आई सहा वर्षं खुर्चीवर आहे. दिवाळीत आमच्या जंक्शनला गाडी ऐनवेळी दोनऐवजी चारवर लावली. लिफ्टला कुलूप. किल्लीवाला जेवायला गेलेला. शेवटी हमालदादांनी फलाटाच्या टोकाला नेऊन सामानाच्या ट्रॉल्यांच्या वाटेने रूळ ओलांडायला घेतले. रूळ आणि फळी यांच्यामधल्या फटीत खुर्चीचं पुढचं लहान चाक अडकलं. आई म्हणाली, "तू हो पलीकडे, मी बघते माझं." हे रुळांच्या मधोमध!

फलाट_एक:
ती पोस्ट माझीच. तुमच्या आईंबद्दल वाईट वाटलं, पण एका अनुभवावरून सगळी रेल्वे वाईट? प्रत्येक फलाटावर माणूस नेमायचा तर पगार कोण देणार? आणि हमालाने किती उकळले तेही लिहा. आमच्या आजोबांच्या वेळी एकाने बोर्डावरच्या दराच्या तिप्पट मागितले होते.

बिल्ला:
"उकळले" हा शब्द मागे घ्या. माझे वडील बिल्लेवाले हमाल होते. 2008 च्या रेल्वे अर्थसंकल्पानंतर त्यांचे जोडीदार गँगमन म्हणून, म्हणजे रुळांच्या देखभालीच्या कामावर, रेल्वेच्या नोकरीत लागले, वडील वयात बसले नाहीत. 2016 मध्ये हमालांना "सहायक" म्हणायचं ठरलं. नाव बदललं, पगार आला का? चाकांच्या बॅगा आल्यापासून दिवसभरात दोन फेऱ्या मिळाल्या तरी पुष्कळ. म्हाताऱ्या माणसाला काखेत हात घालून डब्याच्या पायऱ्या चढवायचं कसब त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पाठ गेली त्यांची.

फलाट_एक:
पण अडलेल्याकडून जादा घेणं बरोबर का, एवढंच सांगा.

बिल्ला:
नाही. आणि अडवून ठेवणारी व्यवस्था?

डोंबिवलीकर:
हमालांवरून काय भांडताय? लोकलच्या अपंग डब्यात या सकाळी. मी कुबड्यांवर उभा आणि सीटवर धडधाकट पोरं मोबाईल बघत बसलेली. उठ म्हटलं की "सर्टिफिकेट दाखवा काका". त्यांनी मला विचारायचं!

रानजाई:
डोंबिवलीकर, त्यावर वेगळा धागा काढा, मी येते भांडायला. माझं म्हणणं स्टेशनवर मदतीला माणूस असण्याबद्दल आहे. एक्सप्रेसचा दिव्यांग डबा गार्डच्या डब्याला लागून, गाडीच्या टोकाला. कित्येक ठिकाणी फलाटाचं छप्परही तिथवर पोचत नाही. तिथे गाडी दोन मिनिटं थांबते. लिफ्ट काय करणार? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्टेशन सुगम करायला सांगितलंय, ते निव्वळ यंत्रं बसवून होत नाही.

फलाट_एक:
किल्लीचं मान्य. लिफ्टला कुलूप नकोच. फलाट बदलला तर खुर्चीवाल्यांसाठी माणूस पाठवावा, हेही मान्य. हमालांचं मात्र पटलेलं नाही.

बिल्ला:
तुमच्या आजोबांना त्या दिवशी डब्यात चढवलं कुणी?

फलाट_एक:
त्यानेच.