भिंतीवरचं चित्र: फ्रेमच्या मागे काय असतं? (अनुभव धागा)

प्रिंट, जलरंग किंवा कॅनव्हास घरी आलं की ते टिकणार कसं, हा खरा प्रश्न. फ्रेमची पट्टी कुठली शोभते ते आपापल्या आवडीवर सोडू. फ्रेमच्या मागच्या बाजूबद्दल लिहा, मापांसकट. चित्रं खराब व्हायला सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

*

कागदाला सेलोटेप किंवा दुहेरी टेप अजिबात लावू नका. चिकटा कागदात मुरतो, तपकिरी डाग पडतो आणि तो सहसा निघत नाही. त्याऐवजी चित्र मागच्या बोर्डाला अडकवायला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी दोन-तीन सेंमी रुंद, गव्हाच्या स्टार्चच्या दाट खळीने लावायच्या. पट्टी कात्रीने कापायची नाही. ओल्या ब्रशने रेघ ओढून तिथे हलकेच फाडायची, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि पुढून उंचवटा दिसत नाही. वर ब्लॉटिंग पेपर आणि वजन, पूर्ण वाळेपर्यंत.

पट्ट्या फक्त वरच्या कडेला. हवा दमट झाली की कागद पसरतो, कोरडी झाली की आक्रसतो. चारही बाजूंनी जखडलात तर मधोमध लाटा येणारच.

*

माउंट (चित्राभोवतीचा खिडकी कापलेला जाड बोर्ड) ॲसिड-फ्री घ्या, जमलं तर शंभर टक्के कापसाचा. जुन्या फ्रेममध्ये माउंटच्या तिरक्या कापाची कड तपकिरी दिसली तर बोर्ड आम्लयुक्त आहे असं समजा. माउंट उचलून बघितलात तर चित्राच्या कागदावरही तशीच चौकट उमटलेली सापडू शकते. पाठीला हार्डबोर्ड असेल तर मध्ये ॲसिड-फ्री बोर्डाचा थर हवाच.

*

माउंट नको असेल तर काचेखाली बारीक पट्टी (स्पेसर) टाका, तीन-चार मिमी पुरते. काचेला टेकलेला फोटो ओलसर हवेत चिकटतो आणि सोडवताना वरचा थर निघून येतो.

चारकोल आणि सॉफ्ट पेस्टलला काचच. ॲक्रिलिक शीटवर स्थिर वीज साठते आणि भुकटी ओढली जाते. आणि फवारा कधीही फ्रेमवर मारू नका, फडक्यावर मारा. काचेवरून ओघळलेलं पाणी खालच्या खाचेतून थेट माउंटमध्ये शिरतं.

*

यूव्ही काच (अतिनील किरण अडवणारी) लावली म्हणून चित्र उन्हात टांगायचं नाही. दिसणाऱ्या प्रकाशानेही रंग उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही. कागदावरच्या कामाला संग्रहालयं साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) प्रकाश ठेवतात. खिडकीसमोरची भिंत त्याच्या कितीतरी पट उजळ असते.

*

उंचीचा हिशेब: चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंमीच्या आसपास. फ्रेम ६० सेंमी उंच आणि ताणलेली तार वरच्या कडेपासून ८ सेंमी खाली येत असेल, तर हुक १५० + ३० − ८ = १७२ सेंमीवर. तार ताणूनच मोजा, सैल मोजलीत तर चित्र खाली बसतं. मोठ्या फ्रेमला दोन हुक, म्हणजे ती तिरकी होत नाही.

खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी बटणं लावा. भिंत आणि पाठ यांच्यात हवा खेळली नाही तर ओल धरते आणि बुरशी पाठीवरून आत जाते.

*

वजन आधी काढा. काच दर चौरस मीटरला, दर मिमी जाडीला अडीच किलो. ६० × ९० सेंमीची २ मिमी काच म्हणजे नुसती काचच २.७ किलो, लाकूड वेगळं. ॲक्रिलिक याच्या निम्मं.

नुसता खिळा गिलाव्यात बसतो, विटेत नाही. म्हणून तो हलतो, भोक मोठं होतं आणि एक दिवस फ्रेम खाली येते. ६ मिमीचा प्लग (स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) असेल तर ड्रिलचं बिटही ६ मिमीचंच, आणि भोक प्लगपेक्षा सेंमीभर खोल. आतली धूळ फुंकून काढा, ती राहिली तर प्लग पूर्ण बसत नाही आणि फिरत राहतो.

*

ॲक्रिलिक रंगाच्या कॅनव्हासबद्दल कुणी लिहिलं नाही. हा रंग वाळल्यावरही उष्णतेत मऊ, चिकट होतो. हलवाहलव करताना बबल रॅप थेट रंगावर आला तर फुग्यांचे गोल ठसे उमटतात. आधी सिलिकॉन लावलेला, रंगाला न चिकटणारा रिलीज पेपर, मग बबल रॅप, तोही फुगे बाहेरच्या बाजूला ठेवून.