मदत हवी आहे: सेन्सर बदलला तरी चेक इंजिन लाइट परत लागली, सकाळी इंजिनातून खर्रर्र आवाज

नमस्कार मंडळी, नाशिकला सिडकोत राहतो. गाडी २०१३ची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किमी झालेत, बेल्टवाली नाही, टायमिंग चेनवाली आहे (खालचा क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा वरचा कॅमशाफ्ट एका तालात फिरवणारी चेन). थंडी सुरू झाली तसं सकाळी पहिला स्टार्टर मारला की चेनच्या बाजूने खर्रर्र आवाज येतो, दोन-तीन सेकंद, मग एकदम गप्प. दिवसभर कितीही फिरवा काही नाही, रात्रभर उभी राहिली की सकाळी परत तेच.

पंधरा दिवसांनी चेक इंजिन लाइट लागली. स्कॅनर लावला तर एरर कोड पी०३४०, म्हणजे कॅमशाफ्ट सेन्सरचं सर्किट. गॅरेजवाल्याने नवा सेन्सर टाकला, आठवडाभर ठीक, परवा परत लाइट आणि आता कोड पी००१६. तो म्हणतोय क्रँकचा पण सेन्सर बदलू, नाही झालं तर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बघू, आणि आवाजाचं काय तर थंडीत सगळ्याच गाड्या करतात म्हणे. पण पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाहीये ना? मग सेन्सर बरोबरच सांगत असेल आणि चेनच ढिली झाली असेल तर? मला तरी आवाज आणि कोड एकाच दुखण्याचे वाटतात.

ऑइल डिपस्टिकवर खालच्या खुणेजवळ आहे, बदलून ११ हजार किमी झालेत, ही चूक माझीच. पुढच्या आठवड्यात आईला कल्याणला ताईकडे सोडायचंय, म्हणजे कसारा घाट आला. चेन किटचा खर्च मोठा आहे, लागला तर करीन, पण आधी खात्री कशी करू?

प्रतिसाद: भाऊ, दुसरा सेन्सर आत्ता घेऊ नका. टेन्शनर ऑइलच्या दाबावर चेन ताणून धरतो, रात्रीत ऑइल खाली उतरतं म्हणून सकाळीच खडखड. आधी ऑइल आणि फिल्टर बदला, मग टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) उघडायला लावा, क्रँक पुली टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) खुणेवर आणून कॅमच्या खुणा जुळतात का ते स्वतः उभं राहून बघा. सरकलेल्या असतील तर चेन, टेन्शनर, गाइड सगळं एकदम बदला, नुसती चेन नको. जुळल्या तर वायरिंग, कनेक्टर बघा, आणि व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी यंत्रणा) असेल तर ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह पण, त्यात कचरा अडकला तरी हा कोड येतो. तोवर घाट अजिबात नको, बऱ्याच इंजिनांत चेनने दात सोडले की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग हेडचं काम निघतं. आईंना पंचवटी एक्सप्रेसने न्या, कल्याणला थांबते.

धागाकर्ता: दादा खूप आभार, पंचवटीचं तिकीट आजच बघतो. ऑइल उद्या बदलतो. सिडको-अंबडकडे कव्हर उघडून खुणा समोर दाखवेल असा कोणी मेकॅनिक माहीत असेल तर प्लीज व्यनि (खाजगी मेसेज) करा.