सोसायटीचा ‘हिरवी गच्ची’ ग्रुप: ग्रोसो लॅव्हेंडरची कुंडी आणि त्याचं तेल

अनघा, बी-304: नर्सरीतून लॅव्हेंडर आणलंय, लेबलवर ‘ग्रोसो’ लिहिलंय. खालची पानं काळी पडतायत, दुपारी शेंडे मान टाकतात. रोज पाणी घालते. आणखी काय देऊ? आणि फुलं आली तर झोपेसाठी चहात चालतील का?

कुलकर्णीकाका, ए-101: अनघा, काही देऊ नकोस, आधी पाणी थांबव. माती ओली असूनही झाड मान टाकतंय म्हणजे मूळकूज आहे. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून झाड तहानलेलं दिसतं. माणूस आणखी पाणी घालतो आणि झाड जातं. कुंडीतून काढून बघ. मुळं पांढुरकी आणि टणक असतील तर वाचेल. तपकिरी असतील आणि चिमटीत ओढल्यावर साल सुटून आतला दोरा तेवढा हातात येत असेल, तर तो भाग कापून टाक. नर्सरीचा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा) गोळा हलक्या हाताने सोडव. बाहेरची माती वाळली तरी तो आत ओलाच राहतो.

रोहन, सी-602: काका, माती कशी भरायची?

कुलकर्णीकाका, ए-101: 12 इंची मातीची कुंडी घ्या. दोन भाग लाल माती, दोन भाग जाड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम, एक भाग जुनं कंपोस्ट. काळी माती अजिबात नको. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) 6.5 ते 8 चालतो, त्यामुळे चमचाभर चुनखडीची पूड मिसळा. पानाचा चुना घालू नका, तो मुळं भाजतो. खाली बशी नको, कुंडी विटांवर ठेवा. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. जीवामृत, ताक यांचा मारा नको. नत्र जास्त झालं की झाड लुसलुशीत होऊन लोळतं आणि वासही उतरतो.

रोहन, सी-602: ऑनलाइन ग्रोसोच्या बिया मिळतायत, स्वस्त आहेत.

कुलकर्णीकाका, ए-101: घेऊ नकोस. ग्रोसो म्हणजे लॅव्हेंडिन. खरं लॅव्हेंडर (लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया) आणि रुंद पानांचं स्पाइक लॅव्हेंडर (लॅटिफोलिया) यांचा हा संकर. फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या डोंगरात पहिलं उंचावर, दुसरं खाली वाढतं, आणि मधल्या पट्ट्यात दोघांचा संकर आपोआप होतो. तो वांझ असतो, बी धरतच नाही. त्यामुळे पाकिटात काहीही असो, ग्रोसो नाही. मध मात्र भरपूर असतो, फुलावर मधमाश्या येतील. त्यांना हाकलू नका.

रोप छाट कलमाचंच हवं. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा. फूल न आलेली, अर्धवट पक्व फांदी 8-10 सेंटिमीटर कापायची, खालची निम्मी पानं काढायची, ओलसर वाळू आणि परलाईटमध्ये (पांढरे, हलके खनिज दाणे) खोचायची. मुळं धरायला चार-सहा आठवडे लागतात. वर प्लास्टिकची पिशवी घालू नका, बुरशी येते.

अनघा, बी-304: आणि पावसाळ्यात?

कुलकर्णीकाका, ए-101: खरी कसोटी तीच. या झाडाला कोरडा उन्हाळा हवा असतो, आपला जून ते सप्टेंबर नेमका उलटा. पाऊस लागणार नाही पण ऊन आणि वारा मिळेल अशा छज्जाखाली ठेव. बाकी वर्षभर सहा तास थेट ऊन. फुलाला हिवाळ्यातली थंडी लागते, पुण्यात थोडीफार मिळते.

रोहन, सी-602: ठाण्याला सासूबाईंना द्यायचं होतं.

कुलकर्णीकाका, ए-101: तिकडे ग्रोसो नको, नुसती पानं येत राहतील. ‘गुडविन क्रीक ग्रे’ मिळालं तर ते दे. तोही संकरच, पण वेगळा, उष्मा बराच सोसतो. छाटणी दोन्हींची सारखीच: फुलं संपली की एक तृतीयांश, हिरव्या पानांच्या वरच. पानं नसलेल्या जून लाकडात कात्री घातलीत तर तिथून सहसा फुटवा येत नाही.

डॉ. शुभदाताई, बी-102: अनघा, चहाचं उत्तर: ग्रोसोची फुलं नको. खऱ्या लॅव्हेंडरच्या तेलात कापूर अगदी नाममात्र असतो, ग्रोसोच्या तेलात साधारण 6 ते 8 टक्के. म्हणून चहा कडवट लागतो. झोप-चिंतेवर जे चांगलं संशोधन झालंय ते अँगुस्टिफोलियाच्या तेलाच्या प्रमाणित 80 मिलिग्रॅम कॅप्सूलवर. ते निष्कर्ष लॅव्हेंडिनला लावता येत नाहीत, बाजारातलं तेल पिता तर मुळीच येत नाही.

ग्रोसोचं तेल चोळायला चांगलं. आखडलेली मान, दुखणाऱ्या पोटऱ्या यांसाठी 30 मिली तिळाच्या तेलात 12 थेंब, म्हणजे साधारण 2 टक्के. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 24 तास थांबायचं. भाजलेल्या जागेवर किंवा जखमेवर नाही, तिथे कापूर झोंबतो. लहान मुलं, गरोदर बायका आणि फिट येणारी माणसं यांना हे तेल नको. कापराने फिट येऊ शकते. घरात मांजर असेल तर डिफ्यूझर लावू नका.

रोहन, सी-602: ताई, घरच्या फुलांतून तेल काढता येईल?

डॉ. शुभदाताई, बी-102: एका कुंडीतून निघणार ते किती, त्यापेक्षा फुलं वाळवा. कणसावरची निम्मी फुलं उमलली की सकाळी दव सुकल्यावर दांडे कापा, छोट्या जुड्या अंधाऱ्या हवेशीर जागी उलट्या टांगा. देठ कट्कन मोडला की झालं. सुती पिशवीत भरून लोकरीच्या कपड्यांत ठेवा, कसर सहसा लागत नाही. ओलसर फूल तेलात मुरवलंत तर तेलाला बुरशी येते, म्हणून वाळवण्यात घाई नको.

अनघा, बी-304: ताई, घरी एक बाटली आहे, तिच्यावर फक्त ‘लॅव्हेंडर ऑइल’ लिहिलंय.

डॉ. शुभदाताई, बी-102: अँगुस्टिफोलिया की इंटरमीडिया, हे लेबलवर असायलाच हवं. इंटरमीडिया म्हणजे लॅव्हेंडिन. काहीच नसेल तर ती खोलीत वासापुरती ठेव, अंगाला लावू नकोस. खऱ्या लॅव्हेंडरचं तेल हवं असेल तर जम्मूच्या डोडा-भद्रवाहकडचं बघ, तिथे अँगुस्टिफोलियाची लागवड आहे.