एचईआर२ तपासणीत दोन रंग कशासाठी?
स्तनाच्या कर्करोगात एचईआर२ (पेशींच्या वाढीशी संबंधित जनुक) मोजताना फिश तपासणी करतात; तीत जनुकाला चिकटणारा चमकणारा डीएनएचा तुकडा, म्हणजे प्रोब, वापरून सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे ठिपके मोजतात. मग दुसऱ्या रंगाचा प्रोब कशाला, असा प्रश्न पडू शकतो. हे जनुक १७व्या गुणसूत्रावर असते. त्यामुळे पेशीत त्याचे जास्त ठिपके दिसले, तरी केवळ जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत की अख्ख्या गुणसूत्राच्याच, हे एका रंगावरून ठरवता येत नाही. म्हणून त्याच गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरला (गुणसूत्राच्या दोन बाहूंना जोडणाऱ्या भागाला) जुळणारा प्रोब सोबत वापरतात आणि किमान २० पेशींमधील दोन्ही ठिपके मोजून जनुकाच्या ठिपक्यांचे सेंट्रोमिअरच्या ठिपक्यांशी गुणोत्तर काढतात. ते २ किंवा अधिक असून जनुकाच्या सरासरी प्रती दर पेशीमागे ४ किंवा अधिक असतील, तर निकाल पॉझिटिव्ह (जनुकाच्या प्रती वाढलेल्या) धरला जातो.

मला याइतकीच महत्त्वाची वाटते ती ऊतकाची हाताळणी. नमुना फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रावात) ६ ते ७२ तास राहायला हवा, नाहीतर ठिपके फिके पडू शकतात; शिवाय पातळ कापात केंद्रके अर्धवट कापली गेल्याने काही ठिपके हरवतातच. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचा (पेशींवरील एचईआर२ प्रथिन रंगवून पाहणाऱ्या तपासणीचा) अहवाल २+, म्हणजे संदिग्ध, आलेल्या रुग्णाला ट्रॅस्टुझुमॅब हे एचईआर२वर काम करणारे औषध द्यायचे की नाही हे याच मोजणीवर ठरत असल्याने, एकमेकांवर चढलेली केंद्रके मोजणीतून कटाक्षाने वगळली पाहिजेत.